दारातली दुसरी गाडी

प्रति,
संचालक,
आपत्कालीन सेवा कार्यालय, कॅलिफोर्निया राज्य



26 जुलै 2005 रोजी मुंबईच्या सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या संध्याकाळी मी कुर्ल्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. एका अनोळखी कुटुंबाने मला घरात घेतलं, कोरडे कपडे दिले, पिठलं-भात वाढला. महिन्याभराने अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स वादळाने बुडालं. तिथल्या लाखभर लोकांकडे गाडीच नव्हती. शाळांच्या बस मात्र आवारात रांगेने पाण्याखाली गेल्याचं टीव्हीवर दिसत होतं. त्या चालवायला चालक मिळेनात, हेही त्यामागचं एक कारण होतं.

आज मी सनीव्हेलला राहते. इथल्या रस्त्यांवरून चालकाविना टॅक्सी धावताना दिसतात. घरगुती गाड्यांत अजून माणसाला लक्ष ठेवून बसावं लागतं. पण तीही गरज उद्या उरणार नाही, या दिशेने काम चालू आहे. म्हणूनच हे पत्र आज लिहिते आहे. गाड्या आल्यावर नियम शोधत बसलो, तर मधला एखादा वणवा आपल्यासाठी थांबणार नाही.

8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी आपल्याच राज्यातलं पॅराडाइज गाव वणव्यात पेटलं. 85 माणसं गेली. त्यांत बहुतेक वयस्कर होती. काहींना निघताच आलं नाही, काही रस्त्यावरच्या कोंडीत सापडली. बाहेरून आणखी गाड्या धाडल्या असत्या, तर कोंडी वाढलीच असती. 2005 मध्येच रिटा वादळाच्या धास्तीने ह्यूस्टनहून लाखो गाड्या एकदम निघाल्या आणि वादळापेक्षा त्या पलायनातच जास्त माणसं दगावली. म्हणून माझं मागणं बाहेरच्या गाड्यांसाठी नाही. ज्या गल्लीत धोका आहे, त्याच गल्लीत उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीसाठी आहे.

अनेक घरांत दोन गाड्या असतात. एकीतून कुटुंब निघतं, दुसरी दारातच राहते. कधी मालक दूर कामावर असतो आणि गाडी घरी असते. शेजारच्या घरात मात्र गाडी चालवणं सुटलेल्या आजी असतात. त्या गाडीला स्वतः चालता येत असेल, तर आजींना मालकाची वाट पाहावी लागणार नाही.

आपलं कार्यालय धोक्याचा इशारा आणि घर सोडण्याचा आदेश यांत फरक करतं. ज्यांना निघायला जास्त वेळ लागतो, त्यांनी इशारा मिळताच निघावं, असं आपणच सांगता. मग या गाड्या इशाऱ्याच्या वेळीच निघायला हव्यात. आदेश येईपर्यंत धूर दाटतो, वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडतात. डिसेंबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, तेव्हा सिग्नल बंद पडलेल्या चौकांत चालकविरहित टॅक्सी अडून राहिल्या. या यंत्राची मर्यादा ओळखूनच त्याला काम द्यावं लागेल.

त्यासाठी तीन गोष्टी करा. वणव्यांचा मोसम सुरू होण्याआधी, राजीखुशीने गाडी देणाऱ्यांची आणि मदत लागणाऱ्यांची गल्लीवार नोंद ठेवा. मालकाला नाव केव्हाही काढून घेता यावं. अशा फेरीत अपघात झाला, तर भरपाई कोणी द्यायची, हे कायद्यात आधीच लिहा. ही धास्ती गेली की हात पुढे येतील. आणि प्रत्येक गल्लीत दोन-तीन स्वयंसेवक तयार करा. गाडी दाराशी येईल, पण आजींना व्हीलचेअरवरून उचलून आत बसवायला, त्यांची औषधं आठवणीने घ्यायला माणूसच लागेल. आग विझल्यावर याच गाड्या निवारा केंद्रांत पाणी आणि औषधं पोहोचवू शकतील.

लोक देणार नाहीत, असं समजू नका. 2012 मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्कमध्ये घरं भाड्याने देणाऱ्या अनेकांनी ती बेघर झालेल्यांसाठी फुकट उघडली. कुर्ल्यातल्या त्या घराने तर माझं नावही आधी विचारलं नव्हतं.

माझ्या समोरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. त्यांची गाडी दोन वर्षांपूर्वी विकली गेली. माझ्या दारात दोन आहेत. स्वतः चालणारी गाडी घेईन, त्या दिवशी ती त्यांच्यासाठी नोंदवायची माझी तयारी आहे. तोवर आपली नोंदवही उघडलेली असावी, एवढीच विनंती.

आपली,
सनीव्हेलची एक रहिवासी