फ्लेक्सला हसण्याआधी

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर अधूनमधून सोलापूरच्या फ्लेक्सचे फोटो येतात. डोळ्यावर गॉगल, गळ्यात बोटभर जाड चेन, मागे घोडा नाहीतर वाघ आणि वर 'भावी नगरसेवक'. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. गाव माझंच, तरी मीही हसायचो. हल्ली चीड येते, आणि ती फ्लेक्सवाल्याची नाही.

बेकायदा फ्लेक्स खुशाल उतरवा, रस्ता अडतो. पण 'काय ही टेस्ट' म्हणून नाकं मुरडणारे हेच लोक युरोप टूरला गेले की माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये पाचव्या चार्ल्ससमोर गंभीर चेहऱ्याने उभे राहतात. तिशियनने १५४८ मध्ये रंगवलेला सम्राट. घोडा आहे, भाला आहे, चकचकीत चिलखत आहे, गळ्यात सोन्याच्या मेंढीचं मानचिन्हही आहे. प्रत्यक्षात हा माणूस गाउटने बेजार असायचा. चित्रात त्याचा मागमूस नाही. फोटोशॉप तेव्हाही होतं, तेलरंगातलं.

एवढं लांब तरी कशाला जायचं? नाशिककडच्या कवळाणे गावातला शेतकरी घरचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. १८८१ मध्ये कारभार हाती आला, तेव्हा चित्रासाठी राजा रविवर्म्याला बोलावलं. गावाकडच्या पोराला राजा म्हणून ठसवायला दागदागिने आणि रविवर्मा लागला. चौकातल्या पोराकडे चेन आणि फ्लेक्सवाला आहे. पहिल्याला कला म्हणायचं आणि दुसऱ्याला थिल्लरपणा, हे ठरवलं कोणी?

माझं खरं भांडण वेगळंच आहे. प्रादोमध्येच सांचेझ कोएलोचं एक चित्र आहे. राजकन्या इसाबेल क्लारा युखेनिया ताठ उभी आहे. एका हातात बापाची, म्हणजे दुसऱ्या फिलिपची, छोटी कोरीव छबी. (आपल्याकडे वरच्या कोपऱ्यात साहेबांचा फोटो असतो, तेच.) दुसरा हात माग्दालेना रुईझ या दासीच्या डोक्यावर. माग्दालेना गुडघे टेकून बसलीय, तिच्यापाशी माकडं. राजकन्या उंच दिसावी म्हणून तिला खाली बसवलंय. म्युझियममध्ये लोक राजकन्येचे मोती बघतात.

फ्लेक्सवर ही माग्दालेना सगळ्यात खालच्या ओळीत असते. 'शुभेच्छुक' लिहिलेलं, गोलातलं, तिकिटाएवढं तोंड. गेल्या दिवाळीत सात रस्त्याला अशाच एका गोलात मला माझा चुलतभाऊ दिसला. यंत्रमागावर काम करतो. त्या गोलासाठी त्याने वर्गणी दिली होती.

घरी गेल्यावर त्याला झापलं. मजुरीतले पैसे असे उडवतात का?

तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुझा फोटो कंपनीच्या कार्डावर हाय की. माझा कुठं हाय?"

ते कार्ड तेव्हाही माझ्या गळ्यात होतं. पुण्याहून निघताना काढायचं राहिलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.