मधुमेहाची गाईडलाईन कोणी लिहिली, कशावरून लिहिली?

शाबानचा महिना लागला की आमच्या मोहल्ल्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. घरोघरी रमजानची तयारी आणि मोबाईलवर शुगरच्या पेशंटसाठी सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणते इन्सुलिन सहेरीला घ्या, कुणी म्हणते महिनाभर बंदच ठेवा, तर कुणी सांगते की रोज्याने शुगर आपोआप जाते. एका रमजानमध्ये आमच्या शाळेतल्या एका मुलाचे अब्बा जोहरच्या नमाजनंतर वजूखान्यापाशी घेरी येऊन पडले. गोळीचा नेहमीचाच डोस त्यांनी सहेरीला घेतला होता. अकरा वाजल्यापासून घाम सुटत होता, हात थरथरत होते. पण "रोजा आहे, अशक्तपणा येणारच" म्हणून ते गप्प राहिले. अल्लाहच्या कृपेने वाचले. त्यांच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीत रमजानबद्दल एक अक्षर नव्हते.

चूक कुणाची, यावर मग बराच वाद झाला. आम्हाला मात्र वाटते, प्रश्न थोडा मागे जाऊन विचारायला हवा. डॉक्टर चिठ्ठी लिहितात ती मनाने लिहीत नाहीत. कुठली गोळी आधी द्यायची, शुगर किती खाली आणायची, औषध कधी वाढवायचे, हे ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे असतात. त्यांनाच गाईडलाईन म्हणतात. आपल्याकडे आयसीएमआरने टाईप-२ मधुमेहासाठी २०१८ मध्ये अशी गाईडलाईन काढली. अमेरिकेची मधुमेह संघटना दरवर्षी जानेवारीत नवी आवृत्ती काढते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. इतक्या लोकांची औषधे ज्या कागदावर ठरतात, तो कागद कितपत पक्का आहे?

हे तपासण्याची रीत आहे. आम्ही शिक्षक जसे उत्तरपत्रिकेला गुण देतो, तसे गाईडलाईनलाही गुण देता येतात. २०१० मध्ये 'अ‍ॅग्री-२' नावाची तपासणी-पद्धत आली. तिच्यात २३ मुद्दे आहेत आणि ते सहा विभागांत वाटलेले आहेत. गाईडलाईन कुणासाठी आणि कशासाठी आहे? ती बनवताना रुग्णांना विचारले का? पुरावा नीट शोधून, तोलून घेतला का? भाषा स्पष्ट आहे का? ती प्रत्यक्षात पाळता येईल का? आणि लिहिणारे पैशाच्या दबावापासून मोकळे होते का?

त्याच वर्षी वेगवेगळ्या आजारांच्या ६२६ गाईडलाईनचे निकाल एकत्र करून पाहण्यात आले. स्पष्टपणात त्यांना सरासरी ६० टक्के मिळाले. पैशाच्या दबावापासून मोकळेपणात ३० टक्के. आणि "प्रत्यक्षात पाळता येईल का" या विषयात अवघे २२ टक्के. शाळेच्या भाषेत सांगायचे तर अक्षर सुरेख, पण दोन महत्त्वाच्या विषयांत नापास.

पैशाचा मुद्दा उगाच नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या कोलेस्टेरॉल व मधुमेहाच्या १४ गाईडलाईन तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समित्यांवरच्या २८८ सदस्यांपैकी १५० जणांचे, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचे, औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध होते. याचा अर्थ ते सगळे विकले गेले होते असा नाही. तज्ज्ञ माणसालाच कंपन्या बोलावतात हेही खरे. पण ज्याचे औषध विकायचे त्याच्याकडून मानधन घेणारा माणूस औषधांचा क्रम ठरवायला बसणार असेल, तर निदान ते वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

पुराव्याची गोष्ट त्याहून मोठी आहे. शुगर जितकी खाली तितके चांगले, असा समज पूर्वी डॉक्टरांमध्येही होता. अमेरिका-कॅनडात १०,२५१ रुग्णांवर 'अकॉर्ड' नावाचा प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ६ च्या खाली आणायचा कसून प्रयत्न केला गेला. २००८ च्या फेब्रुवारीत हा भाग मध्येच थांबवावा लागला. कारण कडक उपचाराच्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि साध्या गटात २०३. त्यानंतर गाईडलाईन बदलल्या. आज अनेक प्रौढांसाठी ७ च्या आसपासचे लक्ष्य सांगतात, पण वय झालेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या किंवा शुगर वारंवार एकदम खाली जाणाऱ्या रुग्णाला ८ पर्यंत मोकळीक देतात. म्हणून शेजारच्या तरण्या मुलाचा ६.५ चा रिपोर्ट पाहून दादीला कमी खायला लावणे हे शहाणपण नव्हे. चांगली गाईडलाईन चूक कबूल करून बदलते. आपणही दहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीला चिकटून राहू नये.

आता रमजानकडे येऊ. आपल्यासाठी खरी परीक्षा इथेच आहे. २००१ मध्ये भारतासह १३ देशांत 'एपिडायर' नावाची पाहणी झाली. मधुमेह असलेल्या १२,२४३ लोकांशी बोलले गेले. टाईप-२ च्या ७९ टक्के आणि टाईप-१ च्या ४३ टक्के रुग्णांनी किमान १५ रोजे ठेवले होते. दवाखान्यात दाखल करावे लागेल इतकी शुगर खाली जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये टाईप-१ मध्ये ४.७ पट आणि टाईप-२ मध्ये ७.५ पट झाले होते. म्हणजे डॉक्टरांनी "रोजे ठेवू नका" एवढेच म्हणून भागत नाही, लोक ठेवतातच. मग सांभाळून कसे ठेवायचे, हे कुणीतरी सांगायला हवे.

ते काम आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि त्याच्यासोबतच्या 'डायबिटीस अँड रमजान' संघटनेने केले. २०१६ मध्ये त्यांची गाईडलाईन आली आणि २०२१ मध्ये ती सुधारली गेली. तिचे गुण आधी सांगू. रुग्णाचा धर्म तिने अडचण मानला नाही. धार्मिक विद्वानांचे मत घेतले. वय, मधुमेहाचा प्रकार, औषधे, किडनी-हृदयाची स्थिती, अंगमेहनतीचे काम, मागच्या रमजानचा अनुभव, अशा गोष्टींना गुण देऊन धोका मोजायची सोय केली. बेरीज ३ पर्यंत असेल तर धोका कमी, ६ पर्यंत मध्यम आणि ६ च्या वर असेल तर जास्त. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, असे ती सांगते. बोटातून थेंब काढून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही सांगते. आणि शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडा, मगरिबची वाट पाहू नका, असे ठणकावून बजावते.

आता उणे. 'एपिडायर' ही पाहणी होती, औषधांची तुलना करणारा प्रयोग नव्हता. शिवाय ती २००१ ची, तेव्हाची औषधे वेगळी होती. रमजानमधल्या डोसचे बरेच सल्ले आजही मोठ्या प्रयोगांपेक्षा तज्ज्ञांच्या एकमतावर उभे आहेत. आणि दिवसातून अनेकदा शुगर तपासा हा सल्ला बरोबर असला, तरी हातगाडी लावणाऱ्या किंवा यंत्रमागावर बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाने पट्ट्यांचा खर्च कुठून करायचा? "पाळता येईल का" हा विषय इथेही कच्चाच राहतो.

तरी एक लक्षात घ्या. उणे आहे म्हणून गाईडलाईन फेकून मोबाईलवरच्या सल्ल्याकडे वळणे म्हणजे पुस्तकात छपाईची चूक सापडली म्हणून कॉपी करायला बसणे. मोबाईलवरचा सल्ला कुणी दिला, कशावरून दिला, हे विचारायची सोयही तिथे नसते.

मग आपण काय करावे? शाबानच्या आधी, रजबमध्येच अब्बा-अम्मीला घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि सरळ विचारावे : माझा धोका किती? सहेरीची गोळी किती, इफ्तारची किती? शुगर कितीपर्यंत खाली आली तर रोजा सोडू? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या लोकांची शुगर तपासली जाते, तिथे जायला लाजू नये. मस्जिदीच्या कमिट्यांनी मोहल्ल्यात एक-दोन ग्लुकोमीटर आणि पट्ट्या ठेवल्या, तर इफ्तारच्या एका दावतीच्या खर्चात महिना निघेल. इमाम साहेबांनी जुम्याच्या बयानात दोन वाक्ये बोलली, तर आमच्या दहा लेखांपेक्षा जास्त काम होईल.

सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. ती घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. त्या मुलाचे अब्बा पुढच्या रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून, डोस बदलून रोजे ठेवत होते. दोन दिवस शुगर खाली आली तेव्हा त्यांनी खजूर तोंडात टाकला, रोजा सोडला आणि ईदनंतर कजा केला. मुलाने वर्गात हे सांगितले तेव्हा आम्हाला वाटले, धडा एका घरात तरी पोहोचला.