तंजावरचे भेंडमंदिर : प्रतिकृती आणि प्रत

तंजावरच्या बृहदीश्वराचे भेंडाचे मंदिर काचेच्या पेटीत बसवून दूरदूर नेले जाते. तळ्याकाठच्या झुडपाचा गाभा साल काढून पातळ कापायचा आणि तुकड्याला तुकडा चिकटवून विमान उभारायचे, असे हे काम. तमिळमध्ये या गाभ्याला ‘नेट्टी’ म्हणतात. मराठी वाचकाला तो परका नाही. लग्नातले बाशिंग ज्या भेंडाचे, तेच हे भेंड. दिसायला हस्तिदंत, वजनाला जवळजवळ काहीच नाही. आणि बहुधा त्यामुळेच त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीही हलकी राहिली. प्रवासाची आठवण म्हणून घ्यावे, पिवळे पडले की टाकावे किंवा नवे तुकडे लावून पांढरे करावे, एवढाच व्यवहार. तो चुकीचा आहे. जुन्या पोथीकडे अभ्यासक ज्या शिस्तीने पाहतो, त्याच शिस्तीने जुन्या भेंडमंदिराकडे पाहिले पाहिजे.

मूळ विमान सुमारे २१६ फूट उंच. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या पाश्चात्त्य हौशी मंडळींत १:८७ हे प्रमाण रूढ आहे. तेथे स्थानकाची इमारत गाडीच्या मापाशी जुळवावीच लागते. त्या मापाने हे विमान अडीच फूट भरेल. तंजावरच्या कारागिरावर असे बंधन नाही. फूटभर उंचीत तेरा तल बसवायचे म्हणजे काही गाळणे आलेच, आणि काय गाळले यातच त्याचे वाचन दिसते. तल मोजावेत. शिखर आणि त्याखालच्या कोपऱ्यांतले नंदी प्रमाणाबाहेर वाढले आहेत का, ते पाहावे. पुढचा नंदीमंडप नायककाळातला; १०१० मध्ये पूर्ण झालेल्या राजराजाच्या मंदिरात तो नव्हता. कारागिराने तो घेतला असेल, तर त्याच्यासमोर चोळांचे मंदिर नसून आजचे मंदिर होते हे उघड होते. मग सांधे. उजेड न पोचलेल्या बगला पांढऱ्या राहतात. दर्शनी भागात मात्र एखादाच तुकडा शेजाऱ्यांहून पांढरा दिसला, तर तो मागाहूनच्या हाताचा समजावा. पोथीच्या समासातील दुरुस्ती याहून वेगळी नसते. अशा दुरुस्त्या पुसून सगळे एकरंगी करणे म्हणजे पाठभेद नष्ट करणे होय.

मराठी अभ्यासकाला एक गाळलेली जागा विशेष बोचेल. दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. इंचभर उंचीचे अक्षर या मापात इंचाचा दोनशेसोळावा भाग उरेल. भेंडाच्या सुरीला ते काढता यायचे नाही. घरोघर पोचणाऱ्या मंदिरातून मराठी मजकूर असा नाहीसा होतो. यात कारागिराचा दोष नाही, परंतु प्रतिकृतीवरून मूळ ओळखणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पोथीला अर्थ असतो, खेळण्याला नसतो, असा आक्षेप येईल. पण याच सरफोजीच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्रकुरवंजी’त जगाचा भूगोल मराठी पदांत बसवलेला आहे. अवघी पृथ्वी एका नाट्यप्रयोगाएवढी लहान करणे हे वाङ्मय ठरते. मग मंदिर हातभर करणारा हात अर्थशून्य कसा? दोघांनीही निवड केली आहे, आणि निवड म्हटली की अभिप्राय आलाच.

तंजावरच्या नेट्टीकामाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. मात्र मानांकन आजच्या धंद्याचे रक्षण करते. कपाटावर पिवळ्या पडलेल्या जुन्या मंदिराला त्याचा उपयोग नाही. त्याला हवी आहे ती वर्णनात्मक सूची, जशी सरस्वती महालातील पोथ्यांची होते: उंची, तलसंख्या, घेतलेले व गाळलेले भाग, दुरुस्त्या, पेटीची घडण. काम खर्चाचे नाही. मोजपट्टी, भिंग आणि तिरपा उजेड पुरेल. भेंड मात्र ओल्या फडक्याने पुसू नये, आणि पेटीच्या मागचा पुठ्ठा फेकू नये. कारागिराचे नाव किंवा गाव कोणी लिहून ठेवले असलेच, तर ते तेथे सापडण्याचा संभव आहे.