फिल्टर विकणारा माणूस सांगतोय: फिल्टरला हवा मारू नका

मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेलो, की उन्हाळ्यात ट्रकच्या एअर फिल्टरला रोज हवा मारणं बंद करा. त्यावर एका मित्राने फोन करून विचारलं, "सर, हवा नाही मारायची तर काय दर आठवड्याला नवीन टाकायचा? दुकान तुमचंच आहे ना!" टोमणा बरोबर जागी लागला. म्हणून नीट लिहितो. तुमच्यापैकी कुणी कर्ज काढून पहिला टिप्पर घेणार आहे, कुणी हायवेला पार्ट्सचं दुकान टाकणार आहे. हे दोघांच्याही कामाचं आहे.

माझं दुकान चंद्रपूर-घुग्घुस रस्त्यावर आहे. गिऱ्हाईक म्हणजे कोळशाचे टिप्पर, सिमेंटचे बल्कर, गिट्टी-मुरुमाच्या गाड्या. मे महिन्यात पारा ४५-४६ च्या घरात, आणि खाणीच्या रस्त्यावर पुढची गाडी धुळीत दिसत नाही.

आधी माझी चूक सांगतो. दुकान सुरू केलं तेव्हा दारात कॉम्प्रेसर ठेवला आणि पाटी लावली, 'एअर फिल्टर फ्री साफ'. बीबीएत शिकलो होतो, गिऱ्हाइकाला दुकानात यायची सवय लावा, विक्री मागून येते. आयडिया जोरात चालली. एक काका होते, एकाच टिप्परचे मालक. त्यांचा ड्रायव्हर आठवड्यातून तीन-चारदा फिल्टर घेऊन यायचा. मी हवा मारून द्यायचो, चहा पाजायचो. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी गाडी ऑइल खायला लागली, ब्रीदरमधून धूर यायला लागला. इंजिन खोललं तर लायनरवर उभे ओरखडे, रिंगा झिजलेल्या, टर्बोच्या पात्यांची धार गेलेली. मिस्त्रीने फिल्टर मागवला आणि अंधारात आत बल्ब धरला. कागदातून उजेडाचे ठिपके दिसले.

हवा मीच मारली होती. काका मला काही बोलले नाहीत. गाडी महिनाभर उभी, हप्ता मात्र चालूच. मी त्यांना रिंग-लायनरचं सामान खरेदीच्या भावात दिलं, तेवढंच जमलं. त्याच आठवड्यात पाटी काढली.

आता कारण समजून घ्या. फिल्टरचा कागद म्हणजे चाळणी नाही. नवीन कागदाची छिद्रं त्यामानाने मोकळी असतात. वरती धुळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक धूळ अडवायला लागतो. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगलं काम करतो. हे ऐकून लोक हसतात, पण खरं आहे. तुम्ही दर दोन दिवसांनी तो थर उडवता आणि सोबत कागदाचे तंतूही उडवता. कंपनीच्या पुस्तकात जिथे हवा मारायला परवानगी असते, तिथेही प्रेशर कमी ठेवून, आतून बाहेर मारायला सांगितलेलं असतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी लावलेला, १०० पीएसआयच्या वर. त्यात ड्रायव्हर मारतो बाहेरून, म्हणजे धूळ कागदात अजून ठोकली जाते. वरून टायरवर आपटायचं, की कडेचं रबर सील वाकडं. मग हवा कागदातून न जाता त्या फटीतून थेट इंजिनात. आणि धूळ म्हणजे नुसती माती नाही, त्यात वाळूचा क्वार्ट्झ असतो. लोखंड घासायला त्याला वेळ लागत नाही.

मग ड्रायव्हर असं का करतो? त्याला मूर्ख समजू नका. मे महिन्यात दुपारी गाडी खरंच ओढत नाही. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४६ अंशांची हवा साधारण सहा-सात टक्के हलकी, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी. टर्बो आणि इंटरकूलर ते थोडंफार भरून काढतात, पण इंटरकूलरच्या जाळीत धूळ भरली असेल तर तेही नाही. ड्रायव्हरला जाणवतं पिकअप गेला. त्याच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे फिल्टर. "दादा, मी तं रोज हवा मारतो न," हे तो अभिमानाने सांगतो.

फिल्टर भरला की नाही, हे डोळ्यांनी ठरवायचंच नाही. एअर क्लीनरवर किंवा त्याच्या पाइपवर छोटा इंडिकेटर असतो, लाल पट्टीवाला. फिल्टर चोक झाला की इंजिनाची ओढ वाढते आणि पट्टी लाल होऊन तिथेच अडकते. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो. लाल झाला की बदला, नाहीतर झाकणसुद्धा उघडू नका. पण जुनी गाडी घेताना हा इंडिकेटर आहे का बघा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांत त्या जागी नट ठोकलेला असतो. इंडिकेटर फिल्टरपेक्षा कितीतरी स्वस्त येतो, तरी कुणी मागत नाही.

आतला छोटा फिल्टर, सेफ्टीवाला, त्याला तर कधीच साफ करायचं नाही. बाहेरचा साधारण तीनदा बदलला की एकदा आतला बदला. पिकअप वाढवायला तो काढून फेकणारे महाभाग आहेत, त्यांच्या इंजिनाचं सामान मी विकतो. क्लीनरच्या खाली रबराची चोच असते, ती रोज दाबून धूळ पाडायची. फाटली असेल तर बदला. फिल्टर बदलताना आतलं भांडं ओल्या कापडाने पुसा, सकाळी, वारा नसताना. आणि फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर कुठेतरी क्लिप ढिली आहे किंवा पाइप चिरलाय. ती गाडी तशीच ट्रिपला पाठवू नका.

ऑइल फिल्टरचं थोडक्यात: तो तुंबला की इंजिन बंद पडत नाही, आतला बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल फिरत राहतं. म्हणून कळत नाही. खाणीतली गाडी दिवसभर चालू असते पण किलोमीटर कमी पडतात, तिथे तास मोजा. डिझेलच्या वॉटर सेपरेटरचं पाणी रोज सोडा, ड्रमचं डिझेल भरत असाल तर नक्कीच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्टर फार बारीक कामाचे आहेत, ते घाण सहन करत नाहीत.

आता धंद्याचं बोलू. पहिला ट्रक घेणाऱ्याने हप्ता, डिझेल, टायर, ड्रायव्हर असा हिशोब मांडलेला असतो. फिल्टर 'किरकोळ' मध्ये. किरकोळमध्ये टाकलं की ते पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जातात, मग तो मिळेल ते स्वस्त टाकतो. फिल्टरचा सेट काही हजारांत येतो, इंजिनचं काम लाखात जातं. फिल्टरचं वेगळं खातं करा, बिल स्वतः द्या, बदलल्याची तारीख आणि तास फिल्टरच्या झाकणावर मार्करने लिहा.

आणि दुकान टाकणाऱ्यांनो, डुप्लिकेटवर मार्जिन ओरिजिनलच्या दुप्पट मिळतं, हे मी लपवत नाही. सुरुवातीला मीही ठेवायचो. घड्या कमी, कागद पातळ, सील कडक. गिऱ्हाईक खूश, कारण बिल कमी. ते बंद केल्यावर माझं काही गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच, परत आलं नाही. पण ज्यांच्या दोन-तीन गाड्या आहेत ते टिकले, आणि महिन्याची खात्रीची विक्री त्यांच्याकडूनच होते. माझ्या मते छोट्या दुकानाने या लोकांवरच उभं राहावं, रस्त्याने जाणाऱ्या एकेका गाडीवर नाही.

कॉम्प्रेसर अजून दारातच आहे. आता त्याने रेडिएटर आणि इंटरकूलरची जाळी साफ करून देतो, इंजिन थंड झाल्यावर, हळू प्रेशरने, इंजिनाच्या बाजूने बाहेर. नवीन पाटी आहे, 'जाळी फ्री साफ. फिल्टर आणू नये.' दोन-तीन ड्रायव्हर अजूनही फिल्टर हातात घेऊन येतात, पाटी वाचतात आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडे जातात.