रा म्हणजे राजा की राणी?

लोकलच्या डब्यात चार मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी टाकून रंगलेला रमीचा डाव तुम्ही पाहिलाच असेल. पुढच्या वेळी तो बघू नका, नुसता ऐका. पानावर छापलेलं असतं इंग्रजी ‘के’, तोंडातून निघतं ‘राजा’. ‘क्यू’ची होते राणी, ‘जे’चा गुलाम आणि ‘ए’चा एक्का. डोळे इंग्रजी वाचतात, तोंड मराठी बोलतं आणि मधल्या मधे भाषांतर कोण करतं? आपलाच मेंदू, तोही फुकटात!

बरं, हे भाषांतर साधंसुधं नाहीये. दोनची दुर्री, तीनची तिर्री, सहाची छक्की, सातची सत्ती, दहाची दश्शी. हे शब्द पत्त्यांबाहेर कुठे सापडतात का बघा. ‘सत्ती वाजता भेटू’ असं कोणी म्हणत नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांचीही तीच गत. ही सगळी मंडळी फक्त जिभेवर जगतात. नेहमीच्या कॅटमधल्या एकाही पानावर ती छापलेली नसतात. आणि आता डाव मोबाइलमध्ये गेलाय. तिथे समोर बसून ‘टाक की दश्शी!’ म्हणून ओरडायला कोणी नसतं. म्हणजे बोलणारं तोंडच खेळातून बाद. मग या शब्दांनी जायचं कुठे?

म्हणून म्हटलं, आपणच एक मराठी कॅट करून बघू. आणि तो फोटोशॉपमध्ये नाही, सीएसएसमध्ये.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी फंडा थोडक्यात. वेबपेजवरचा मजकूर असतो एचटीएमएलमध्ये आणि त्या मजकुराला कपडे घालते ती सीएसएस. रंग कुठला, अक्षर केवढं, कडा गोल की चौकोनी, हे सगळं ती ठरवते. १९९६ साली तिची पहिली आवृत्ती आली. ऑफिसात मी दिवसभर तीच लिहितो. ‘हे बटण जरा अजून गोल कर ना’ असं कोणीतरी येऊन सांगतं, मी करतो. पत्ता म्हणजे तरी काय? गोल कडांचा एक आयत, दोन रंग, चार अक्षरं. आणि असे ५२! फोटोशॉपमध्ये बदामाचा लाल जरा गडद करायचा तर एकेक पान उघडा. इथे एक ओळ बदलली की सगळे बदाम आणि सगळ्या चौकटी एकदम बदलतात. सॉलिड आहे की नाही?

सुरुवात एकदम सोपी. पोकरचं पान २.५ बाय ३.५ इंच, म्हणजे ५:७ प्रमाण. त्यासाठी ‘आस्पेक्ट-रेशो’ नावाची एक ओळ पुरते, २०२१ पासून ती सगळ्या मुख्य ब्राउझरना कळते. कडांना ‘बॉर्डर-रेडियस’. पिप्स, म्हणजे मधले बदाम-किलवर मांडायला तीन उभ्या रांगांची ग्रिड. खालच्या अर्ध्यातले पिप्स १८० अंशांत फिरवले की झालं. अर्ध्या तासात पानासारखं पान दिसायला लागतं.

खरी गंमत सुरू होते ती कोपऱ्यात.

आज आपण गृहीत धरतो तो कोपऱ्यातला आकडा फार जुना नाही, बरं का. त्याआधी इंग्रजी पद्धतीच्या पानांवर कोपऱ्यात काहीच नसायचं. पान अख्खं उघडून पिप्स मोजायचे. १८७०च्या दशकात अमेरिकेत कोपऱ्यात खुणा असलेले कॅट बाजारात आले आणि त्यांना नाव पडलं ‘स्क्वीझर्स’. कारण आता पानं एका हातात घट्ट मिटून, किंचित पंख्यासारखी पसरली तरी काम भागत होतं. त्या पंख्यात प्रत्येक पानाची डावीकडची जेमतेम बोटभर पट्टी दिसते. बाकीची सगळी चित्रकला शेजारच्या पानाखाली गुडुप. म्हणजे बॉस, पत्ता डिझाइन करायचा म्हणजे खरं तर ती पट्टी डिझाइन करायची.

याच कोपऱ्याने इंग्रजांच्या गुलामाचं नाव बदललं. त्याला आधी म्हणायचे ‘नेव्ह’. स्पेलिंग ‘के’ आणि ‘एन’ने सुरू होणारं. कोपऱ्यात ‘केएन’ छापलं की तो राजाच्या ‘के’सारखाच दिसायचा. मग ‘जॅक’ हे बोलीतलं नाव पुढे आलं आणि ‘जे’ कायमचा मुक्कामाला आला.

आता मराठीत या. राजाचा ‘रा’. राणीचा? तोही ‘रा’! म्हणजे इंग्रजांची जी पंचाईत झाली तीच आपलीही, फक्त आपली घरातलीच, नवरा-बायकोत. आणि गुलामाचं पहिलं अक्षर कोपऱ्यात एकटंच छापलं तर काय वाचलं जाईल, ते मी लिहीत नाही. तुम्ही मराठी आहात, तुम्हाला कळलंय.

उपाय दुकानांच्या पाट्यांवर मिळाला. अरुंद खांबावरची उभी पाटी आठवा. अक्षराखाली अक्षर. ‘रा’खाली ‘जा’. ‘रा’खाली ‘णी’. ‘गु’, ‘ला’, ‘म’ असा तीन मजली गुलाम. ‘ए’खाली ‘क्का’. पंख्यात दिसणारी पट्टी उभीच असते ना? त्यात हे अगदी फिट्ट बसतं. आता अक्षर ओळखून शब्द आठवायचा नाही, अख्खा शब्दच समोर.

आकड्यांचा वेगळाच खेळ. पानाच्या खालच्या कोपऱ्यात आकडा उलटा असतो, म्हणजे पान कसंही धरलं तरी चालतं. इंग्रजीत त्यामुळे सहा आणि नऊ एकमेकांसारखे होतात. आपल्याकडे? ३ उलटा करून बघा. बराचसा ६ वाटतो. छत्तीसचा आकडा म्हणून ज्यांना आपण एकमेकांकडे पाठ करून बसवलं, ते पत्त्यांत चक्क जुळे भाऊ निघाले. बिलियर्ड्सच्या टेबलावरच्या पूलच्या चेंडूंवर सहा आणि नऊखाली रेघ असते, तशी एक बारीक रेघ मी ३ आणि ६च्या पायाशी दिली. ‘बॉर्डर-बॉटम’, विषय संपला. १ आणि ९ची गल्लत मात्र होतच नाही, कारण १च्या जागी आधीच एक्का बसलेला!

राहता राहिली दश्शी. मेंढीकोटमध्ये सगळा जीव तिच्यात. ज्याच्याकडे दश्श्या जास्त, त्याचा डाव. म्हणून १०चे दोन आकडे ‘लेटर-स्पेसिंग’ उणे करून जवळ घेतले, ठळक केले. पण हीच युक्ती शब्दांना लावायची नाही हं. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. अक्षरांत अंतर वाढवलं की रेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. वेबसाइटवरची कितीतरी मराठी शीर्षकं अशी बोळकी दिसतात. तिथे इंग्रजीसाठी लिहिलेली सीएसएस मराठीच्या अंगावर चढवलेली असते, मापं न घेता.

‘लाइन-हाइट’चंही तसंच. इंग्रजी कॅपिटल अक्षराला वर-खाली काही लागत नाही. आपल्या ‘णी’ला वर वेलांटी, ‘गु’ला खाली उकार. ओळीची उंची १ ठेवली आणि कडेबाहेरचं कापायला सांगितलं की आधी उडते ती वेलांटी. दीडपट उंची दिली की राणी मोकळा श्वास घेते.

आणि एक छोटी गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत. पेजला सांगायचं की भाषा मराठी आहे. एचटीएमएलमध्ये त्यासाठी ‘लँग’ म्हणून जागा असते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. ज्या फॉण्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली आहेत, तो भाषा कळली की आपोआप मराठी अक्षर काढतो. किलवर आणि गुलाम, दोघांच्या पोटात ‘ल’ आहे. आपल्या कॅटमध्ये तो आपल्या वळणाचा नको?

चिन्हांसाठी चित्रं काढायची गरज नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चारही युनिकोडमध्ये अक्षरांसारखीच हजर आहेत. फक्त फोनवर बदाम बऱ्याचदा इमोजी होऊन, गुबगुबीत, प्रेमात पडल्यासारखा येतो. त्याला भानावर आणायला चिन्हामागे एक अदृश्य खूण टाकावी लागते, ‘व्हेरिएशन सिलेक्टर १५’. ती सांगते, बाबा, तू अक्षर आहेस, अक्षरासारखा राहा. मग तो सीएसएसने दिलेला रंग मुकाट्याने घेतो.

राजा-राणीची चित्रं मी काढलीच नाहीत. मधोमध फक्त मोठं अक्षर, वर सुलट आणि खाली उलट. दुतोंडी चित्रांची पद्धत जुनीच आहे आणि तिचं कारणही भन्नाट आहे. एकतोंडी पानं होती तेव्हा लोक हातात आलेला उलटा राजा सुलटा करून घ्यायचे आणि समोरच्याला कळायचं, याच्याकडे चित्र आलंय! दुतोंडी पानाने ती चुगली बंद केली.

चित्रंच हवी असतील तर त्यासाठी सावंतवाडी आहे. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२, एकूण १२०. सीएसएसमध्ये पान गोल करणं एका ओळीचं काम आहे, ‘बॉर्डर-रेडियस’ ५० टक्के. पण गोल पानाला कोपराच नसतो, मग माझे राजा-राणी उभे कुठे राहणार? ती दुनियाच वेगळी, ती चित्रकारांच्या हातात शोभते.

इस्पिकच्या एक्क्यावर मात्र थोडी हौस केली. हा एक्का नेहमी नटलेला का असतो, माहितीये? इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण याच एक्क्यावर असायची. खोटा एक्का छापला म्हणून १८०५ साली एकाला चक्क फाशी झाली! तो कर १९६० मध्ये गेला, एक्क्याचा थाट राहिला. माझ्या एक्क्यावर कर नाही. तिथे चिन्हाभोवती बारीक अक्षरांत सगळी नावं आहेत : इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, आणि दुर्रीपासून दश्शीपर्यंत अख्खं कुटुंब.

आता छपाई. मापं मिलिमीटरमध्ये द्या, ६३.५ बाय ८८.९. ए-फोर कागदावर बरोबर ९ पानं बसतात. सहा कागद म्हणजे ५४ पानं. ५२ अधिक दोन जोकर! काहीच वाया नाही. मागची नक्षी छापायची असेल तर ‘प्रिंट-कलर-ॲडजस्ट’ला ‘एक्झॅक्ट’ सांगायला विसरू नका. नाहीतर ब्राउझर शाई वाचवण्याच्या नादात पाठ कोरी सोडतो. कागद ३०० जीएसएमचा घ्या, आणि कडा कापायला धारदार कटर.

छापलेला कॅट मावशीच्या हातात दिला. तिने चष्मा वर केला, पानं पिसली, वाटली आणि ‘बोल हुकूम’ म्हणाली. डिझाइनबद्दल एक अक्षर नाही. पहिल्या हाताला नाही, दहाव्यालाही नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं. तिला काही वाचावंच लागलं नाही, ती आयुष्यभर जे बोलत आलीय तेच पानावर होतं.

बोलला तो आठ वर्षांचा भाचा. त्याने हे चारही रंग आजवर टॅबवरच पाहिलेले, ‘क्लब्ज’ आणि ‘स्पेड्स’ म्हणून. एक्का डोळ्यांजवळ धरून त्याने गोल गोल फिरवत सगळी नावं वाचून काढली आणि पुढच्याच उतारीला पान आपटून ओरडला, ‘किलवरची सत्ती!’ मावशीने कापली ती, दुर्रीने. दया नाही, माया नाही. पण एक शब्द जिभेवरून कागदावर आला आणि कागदावरून नव्या जिभेवर गेला. त्यासाठी सीएसएसच्या दीडेकशे ओळी काही जास्त नाहीत.

तुमच्याकडे नव्वी म्हणतात की नहली? जे म्हणत असाल ते छापा. एक शब्द तर बदलायचाय, बाकी पानं वाटून तयार आहेत. बोला, हुकूम काय?