साथीपूर्वीचा बंदोबस्त

चीनच्या हुबेई प्रांतात भातखाचरांतून क्रेफिशची पैदास करणारे शेतकरी ज्या रोगाच्या धास्तीत उन्हाळा काढतात, त्यास तेथे ‘मे महिन्याची साथ’ म्हणतात. ऐन हंगामात येणाऱ्या या साथीच्या मुळाशी बहुधा पांढऱ्या ठिपक्यांचा तोच विषाणू असतो, ज्याने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून भारताच्या किनाऱ्यावरील कोळंबीची तळी वारंवार ओस पाडली. म्हणूनच तेथील अनुभव कोकणातील कोळंबीपालकाच्याही हिताचा आहे.

क्रेफिश आणि कोळंबी या कवचधारी जीवांच्या शरीरात आपल्याप्रमाणे प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत, त्यामुळे लसीचा परिचित मार्ग त्यांना खुला नाही. शत्रूस गिळणाऱ्या रक्तपेशी आणि त्याच्याभोवती काळे आवरण रचून त्यास कोंडणारी वितंचकांची साखळी, ही त्यांची मुख्य संरक्षक फौज. आणि तिची रसद खाद्यातूनच यावी लागते. कात टाकताना झालेल्या जखमा भरून काढणारे ‘क’ जीवनसत्त्व बहुतेक कवचधारी जीव आपल्या गरजेपुरते स्वतः तयार करू शकत नाहीत. त्याच्या अभावी कोळंबीच्या कवचाखाली काळे व्रण पडून ती मरते, हे शास्त्रज्ञांनी नोंदविलेले आहे. ‘ई’ जीवनसत्त्व पेशींच्या स्निग्ध आवरणाचे रक्षण करते, आणि झुंजीत ते खर्ची पडले म्हणजे ‘क’ त्यास पुन्हा कार्यक्षम करते.

तथापि खाद्याच्या पिशवीत घातलेले जीवनसत्त्व प्राण्याच्या पोटात पोचतेच, अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. खाद्याची गोळी घडविताना लागणारी उष्णता, गोदामातील दमट हवा आणि सावकाश कुरतडून खाण्याची या जीवांची रीत, या तिन्हींमुळे साधे ‘क’ जीवनसत्त्व वाटेतच नष्ट होते किंवा पाण्यात विरघळून जाते. त्याचे फॉस्फेटयुक्त रूप मात्र पुष्कळच टिकाऊ ठरते. यास्तव जीवनसत्त्वाचे रूप, खाद्य तयार केल्याची तारीख आणि मुदत संपतेवेळी उरणारे प्रमाण ठळकपणे छापण्याची कारखानदारांवर सक्ती असावी, व सरकारी प्रयोगशाळांनी त्याची वेळोवेळी तपासणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीवनसत्त्व हे औषध नव्हे, ही मर्यादा मान्यच केली पाहिजे. रोगमुक्त बीज आणि स्वच्छ पाणी यांची जागा ते घेऊ शकत नाही, आणि ‘अ’ व ‘ड’ यांचा अतिरेक तर अपायकारकच होतो. परंतु विषाणूवर ज्यांचा काडीइतका इलाज चालत नाही अशी प्रतिजैविके घाबरून तळ्यात ओतणे, आणि पुढे त्यांचा अंश सापडल्यामुळे निर्यातीचा माल परत येण्याची आपत्ती ओढवून घेणे, यापेक्षा तोच पैसा उत्तम खाद्यावर खर्च करणे शहाणपणाचे आहे. साथ ओसरल्यावर नुकसानीचा पंचनामा जितक्या तत्परतेने होतो, तितक्याच तत्परतेने साथीपूर्वी खाद्याच्या पिशवीची तपासणी होऊ लागेल, तेव्हाच सरकारने आपले कर्तव्य बजावले असे म्हणता येईल.