अट लिहिल्याशिवाय घर देऊ नका

ज्येष्ठ नागरिकाची आर्थिक लूट म्हणजे त्याच्या वयाचा, आजारपणाचा किंवा परावलंबनाचा फायदा घेऊन त्याचा पैसा, घर किंवा दागिने ताब्यात घेणे. हे काम बहुधा जवळच्या माणसालाच जमते. कपाटाची किल्ली, एटीएमचा पिन आणि बँकेच्या मेसेजचा मोबाइल त्याच्याच हाती असतो, आणि त्याने ‘इथे सही करा’ म्हटले की प्रश्न विचारायचे मनातही येत नाही. मुलगा, मुलगी, पुतण्या, जुना विमा एजंट, बँकेतला ओळखीचा अधिकारी, रात्रंदिवस घरात राहणारा मदतनीस, यांपैकी कोणीही तो असू शकतो. चोरी झाली तर माणूस पोलिसांत जातो. इथे मात्र तक्रार करायची तर आपल्याच माणसाचे नाव घ्यावे लागते, म्हणून वर्षे निघून जातात.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर या प्रश्नाला एक खास रूप आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा या पट्ट्यात जी संकुले उभी राहिली, त्यांतील कितीतरी घरांच्या किमतीत आधीच्या पिढीचे एक घर मुरलेले असते. गिरगाव-परळची खोली किंवा नौपाडा-डोंबिवलीतले लहान घर विकायचे, निवृत्तीचा फंड त्यात घालायचा आणि सगळ्यांनी एकत्र मोठ्या घरात जायचे, असा तो बेत. गृहकर्ज कमावत्या मुलाच्या आणि सुनेच्या नावावर निघते, म्हणून करारनामाही त्यांच्याच नावाने होतो. वडिलांनी दिलेली रक्कम ‘घरचेच पैसे’ म्हणून कुठेच लिहिली जात नाही. सोसायटीच्या भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आईवडिलांचे नाव नसते. काही वर्षांनी बोलणी बिघडली आणि ‘हे घर माझे आहे’ हे वाक्य आले की ते कागदोपत्री खरे असते. जुने घर तर केव्हाच विकलेले. ठाणे स्टेशन, कोर्ट नाका, जुनी बँक, जुने शेजारी सगळे दूर, आणि तिथे नेणारी गाडीही त्याच माणसाची. या एकटेपणावाचून ही लूट इतकी सोपी झाली नसती.

दुसरा मार्ग बक्षीसपत्राचा. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये लागते. इतर अधिभार असले तर ते वेगळे. कुटुंबांच्या सोयीसाठी दिलेली ही सवलत चांगलीच आहे. पण तिच्यामुळे आयुष्यभराची कमाई एका सकाळी दुय्यम निबंधक कार्यालयात हातातून जाऊ शकते. फोटो निघतो, अंगठा उमटतो, दस्त तुम्हीच केला का एवढे विचारले जाते. वृद्ध व्यक्तीला बाजूला घेऊन, सोबतच्या माणसाला बाहेर बसवून, ‘यानंतर हे घर तुमचे राहणार नाही, हे कळले का?’ असा प्रश्न विचारण्याची सक्ती नाही. ती सक्ती व्हायला हवी. वयोवृद्धांसाठी घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद आहे, तिथे तर ही दक्षता दुप्पट लागते.

वडील गेल्यानंतर आईकडून घेतले जाणारे हक्कसोडपत्र याहून निर्दय असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर विधवेला मुलामुलींइतकाच वाटा मिळतो. दिवसकार्य आटोपत नाही तोच ‘सोसायटीत नाव लावायला लागतात’ म्हणून कागद पुढे येतात, आणि स्वतःच्या घरातला वाटा सोडल्याचे आईला फार उशिरा समजते.

कायदा आहे, आणि तो ज्येष्ठांच्या बाजूचा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यांविषयीचा कायदा २००७ साली संसदेने केला, महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये आले. त्यातील कलम २३ सर्वांत मोलाचे. देणाऱ्याचा सांभाळ करावा, त्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात, या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर तो व्यवहार फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा अवाजवी दबावाने झाला असे मानले जाते आणि देणाऱ्याच्या इच्छेनुसार या कायद्याखालचे न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकते. या कायद्यात मालमत्ता म्हणजे फक्त जमीन-घर असे नाही. जंगम मालमत्ताही तीत येते. म्हणून मुलाच्या फ्लॅटसाठी वडिलांनी दिलेली रक्कमसुद्धा, ती बँकेमार्फत आणि लेखी अटीसह दिलेली असेल, तर कलमाच्या कक्षेत आणण्याचा मार्ग उघडा राहतो. रोख आणि तोंडी दिलेल्या पैशासाठी तो जवळजवळ बंद होतो.

सगळे अडते ते ‘अट’ या शब्दावर. आपल्याकडचे बक्षीसपत्र ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ केलेले असते आणि सांभाळाचा त्यात उल्लेखही नसतो. हरियाणातील एका आईने अपत्यांच्या नावे हक्कसोडपत्र केले होते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अट होती हे दाखवता आले नाही, तर कलम २३ लागू होत नाही. त्या आईच्या हातून दाद गेली. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील दुसऱ्या आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलाच्या नावचे बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबा तिला परत देवविला; हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचला पाहिजे, असेही सांगितले. तिच्याकडे मुलाने लिहून दिलेला कागद होता: आईला सांभाळीन, न सांभाळल्यास तिने घर परत घ्यावे.

म्हणून घर द्यायचेच असेल तर दस्तात स्पष्ट लिहावे की देणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील, घेणारा त्यांचे अन्न, औषधपाणी व शुश्रूषा पाहील, आणि तसे न झाल्यास दस्त रद्द करता येईल. प्रेम असलेल्या मुलाला या ओळीवर सही करायला काहीच जड जाणार नाही. जड गेले, तर तेवढ्यावरूनच निर्णय थांबवावा. त्याहूनही सुरक्षित वाट मृत्युपत्राची. ते दोन साक्षीदारांसमोर करायचे असते, नोंदणी ऐच्छिक असते, आणि बुद्धी शाबूत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्राने मालकी आज जाते, मृत्युपत्राने ती मरणानंतर जाते. घर हातात असलेल्या म्हाताऱ्या माणसाशी घरातले लोक निराळ्या आवाजात बोलतात, हे कटू असले तरी खरे आहे.

ही चूक फक्त साध्या माणसांची, असे समजू नये. ठाण्याच्या औद्योगिक इतिहासातले मोठे नाव म्हणजे रेमंड. त्या समूहाचे विजयपत सिंघानिया यांनी २०१५ मध्ये कंपनीतला आपला सुमारे ३७ टक्के हिस्सा मुलाला दिला आणि २०१७ मध्ये मुंबईच्या जेके हाउसमधील घराच्या ताब्यासाठी त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे वेगळे होते. त्या वादात खरे कोण हे ठरवणे या पत्रकाचे काम नाही. पण हयातीत सगळे देऊन टाकण्यापूर्वी आईवडिलांनी फार विचार करावा, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून जाहीरपणे सांगितले. सल्लागारांची फौज असलेल्या उद्योगपतीवर ही वेळ येते, तर निवृत्त शिक्षकाने किंवा गिरणी कामगाराच्या विधवेने सावध राहायलाच हवे.

घर जाते तेव्हा निदान दिसते. खात्यातला पैसा न दिसता झिरपतो. संयुक्त खात्याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लावले की दुसरा खातेदार आजच सगळे पैसे काढू शकतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ लावले तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्याच्याच सहीने होतात. मुलाची मदत हवी पण हुकूम नको असेल, तर दुसरा पर्याय योग्य. पिन किंवा ओटीपी स्वतःहून दिलेला असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वी झालेले नुकसान खातेदाराच्याच माथी बसते, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक गुपचूप बदलला गेला असेल, तर धोक्याची याहून मोठी खूण नाही. सत्तरीपुढच्या खातेदाराला घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी दिल्या. ही सेवा मागून घ्यावी, म्हणजे कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची गरज कमी होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना पासबुक भरून घ्यावे आणि बँकेच्या माणसाकडून एकट्याने वाचून घ्यावे. मुदत ठेव मोडून गळ्यात मारलेली विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि दिलेला अधिकार रद्दही करता येतो. रद्द केल्याची सूचना बँक व सोसायटीला लेखी द्यावी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची स्थिती सर्वांत वाईट. त्याच्या मालमत्तेचा पालक नेमून घ्यायला भारतात सोपी, जवळची यंत्रणा नाही. उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. तोवर ज्याच्या हाती चेकबुक, त्याचेच राज्य. आजाराची पहिली चिन्हे दिसताच, समज शाबूत असताना, कागद करून ठेवणे एवढेच हाती उरते.

ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा गैरवापरही होतो. पत्नीला घराबाहेर काढण्यासाठी आईवडिलांना पुढे करणारे मुलगे असतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सुनेचा राहण्याचा हक्क या कायद्याने आपोआप पुसला जात नाही. ते योग्यच आहे. ज्येष्ठांच्या नावाने दुसऱ्या दुबळ्यावर अन्याय होऊ नये.

दाद मागण्याची जागा म्हणजे प्रांत कार्यालय. उपविभागीय अधिकारी हेच न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात; घोडबंदर रोडसाठी ठाण्याचे, कल्याण-डोंबिवलीसाठी कल्याणचे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही अर्ज करता येतो, वकील लागत नाही. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटिशीपासून ९० दिवसांत लागावा, फार तर आणखी ३० दिवस, असे कायदा म्हणतो. न्यायाधिकरण घर रिकामे करण्याचा आदेशही देऊ शकते. मुंबईतील ऐंशी वर्षांच्या वडिलांच्या खोल्या मुलाने सोडाव्यात, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये कायम केला. खटला चालू असताना मुलाचीच साठी उलटली, ही सबब चालली नाही. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा मात्र अजून महिना १०,००० रुपये आहे. एवढ्यात चोवीस तासांच्या मदतनीसाचा पगारही निघत नाही. ही मर्यादा काढण्यासाठी २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक आले, कायदा झाला नाही. ज्येष्ठाला टाकून देण्याची शिक्षाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, इतकीच आहे. हे आकडे बदलण्याची मागणी ठाण्याच्या प्रत्येक खासदाराकडे झाली पाहिजे.

विश्वासघाताने रक्कम हडपणे हा फौजदारी गुन्हाही आहे. त्यासाठी पोलीस ठाणे. तातडीला ११२, सल्ल्याला ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, ऑनलाइन फसवणुकीला १९३०.

ज्येष्ठाला स्वतः प्रांत कार्यालयात जाता येत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. म्हणजे संकुलातला ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीची कमिटी, शेजारी यांना ‘घरगुती मामला’ म्हणून हात झटकता येत नाहीत. रोज खाली बसायला येणारे आजोबा दिसेनासे झाले, आजींचा फोन दरवेळी दुसराच कोणी उचलू लागला, सभासदाच्या नावात बदल करण्याचा अर्ज आला, तर सचिवाने त्या सभासदाला घरी जाऊन, एकट्याला भेटावे, दस्ताची प्रत त्याच्यासमोर मराठीत वाचून दाखवावी आणि त्याचा होकार लेखी घेऊनच अर्ज कमिटीपुढे ठेवावा.